केतूचं डोकं

बदलापूरला मास्तरांची खोली भाड्याने घ्यायला गेलो तेव्हा त्यांनी मला लग्न झालंय का, मटण खाता का, असलं काहीही विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "कुकर आहे का?" मला वाटलं, यांना गॅसच्या स्फोटाची भीती असेल. पण त्यांनी मला माझा कुकर आणायला लावला, त्यांच्या बायकोकडून, म्हणजे काकूंकडून, वाटीभर तूरडाळ घेऊन तो शेगडीवर चढवला आणि स्वतः पेटीचा भाता धरून बसले. पहिली शिट्टी झाली तशी त्यांनी दोन-तीन पट्ट्या दाबून पाहिल्या.

"पांढरी पाच आणि काळी चार यांच्या मधोमध लागते तुमची शिट्टी. बेसूर आहे."

"मग खोली मिळणार नाही?"

"मिळेल. फक्त वर्ग चालू असताना डाळ लावू नका. पोरींचे कान बिघडतात."

मी तेव्हा अंबरनाथच्या एमआयडीसीत कापडाचे रंग बनवणाऱ्या एका कंपनीत केमिस्ट होतो. अंघोळ कितीही केली तरी नखांत रंग राहायचा. मास्तर रोज संध्याकाळी आधी माझ्या नखांकडे बघत आणि मग तोंडाकडे. "काय केमिकल, आज हिरवा?" माझं खरं नाव त्यांना माहीत होतं की नाही, याची मला आजही खात्री नाही.

ओटीवर त्यांचा गायन-वादनाचा वर्ग चाले. गावातल्या अर्ध्या मुली त्यांच्याकडून परीक्षा देऊन सासरी गेल्या होत्या. माणूस किडकिडीत, बुशशर्ट दोन मापं मोठा, आणि उजव्या हाताचा अंगठा सतत बोटांच्या पेरांवरून फिरत असलेला. बाजारात त्यांना बघून बायका समजायच्या, हे जप करतात. एका भाजीवालीने तर एकदा पाया पडून पाव किलो गवार फुकट दिली. प्रत्यक्षात ते मात्रा मोजत असत. काकूंचं पोळ्या लाटणं, शेजाऱ्यांच्या बोअरचा पंप, बँकेतल्या कारकुनाचं शिक्के मारणं, काही सुटत नसे. "आपल्या शाखेतला कारकून चांगला आहे," ते मला सांगत. "रूपक तालात मारतो. पण वरिष्ठ समोर आले की सम चुकतो."

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. आधी मोजा, मग नावं ठेवा. शेजारच्या घरात नवीन टेपवर कितीही भयंकर गाणं लागलं आणि मी तोंड वाकडं केलं, की ते पेरांवर अंगठा फिरवत म्हणत, "मोजलंत का? नाही ना? मग गप्प बसा."

या माणसाने आयुष्यात स्वतःची एकही चीज बांधलेली नव्हती. वर्गात दुसऱ्यांच्या बंदिशी शिकवायच्या, संमेलनात दुसऱ्यांच्या गायच्या. एकदा मी सहज विचारलं, तर ते हसत म्हणाले, "तरुणपणी एक बांधली होती. गुरुजींना ऐकवली. त्यांनी पान लावता लावता ऐकली आणि म्हणाले, तू शिकवायला बरा आहेस, रचायच्या भानगडीत पडू नकोस. नाही पडलो." हसत सांगितलं खरं, पण पुढच्या काही वर्षांत हीच गोष्ट त्यांनी मला आणखी तीनदा सांगितली, आणि दर वेळी ती पहिल्यांदाच सांगतोय असं समजून सांगितली. माणसाला काय सलतंय ते अशा वेळी कळतं.

आता कॅसेटचं सांगतो.

एवढ्या मोठ्या गाणाऱ्याच्या घरी सत्यनारायणाला आरती कॅसेटवर लावायची वेळ का आली, हे गावाला कोडं होतं. कारण मास्तरच होते. आदल्या वर्षी त्यांनी आरतीच्या मध्येच तिघांना थांबवलं होतं. एकाला सूर सांगितला, दुसऱ्याच्या हातातली झांज काढून घेतली, आणि तिसऱ्याला म्हणाले, तुम्ही फक्त ओठ हलवा. प्रसादाचा शिरा गार झाला आणि माणसं तापली. काकू फार बोलणाऱ्या नव्हेत. त्या दुसऱ्या वर्षी उल्हासनगरच्या बाजारातून आरत्यांची एक स्वस्तातली कॅसेट घेऊन आल्या आणि पूजेच्या दिवशी टेपशेजारी पाट टाकून स्वतः बसल्या.

आरती नीट झाली. सगळे तीर्थासाठी रांगेत उभे राहिले, मास्तर पळीने तीर्थ देत होते, काकू शिरा वाढायला आत गेल्या आणि टेप बंद करायचा राहिला. थोडा वेळ नुसती खरखर. मग एकदम चर्चमध्ये वाजतो तसा ऑर्गन सुरू झाला. त्याच्यामागे ढोल, पण अडखळणारे, जिना उतरताना शेवटची पायरी आहे असं समजून पाऊल टाकावं आणि ती नसावी तसे. मग बासरी, आणि त्या बासरीवरून एका पुरुषाचा आवाज. तो आधी गुळण्या केल्यासारखा खदखदला, वर चढला, आणि वर गेल्यावर त्याच्या एका गळ्यातून दोन आवाज निघायला लागले.

हात पुढे केलेली माणसं तशीच थिजली. कोणाच्या तरी सासूबाई देवासमोरून मागे सरकल्या. पूजा सांगणारे गुरुजी पोथी गुंडाळता गुंडाळता म्हणाले, "अहो, हे काय लागलंय?" काकू आतून ओरडल्या, "बंद करा ते आधी."

मी टेपकडे धावलो, तर मास्तर म्हणाले, "कोणी हात लावायचा नाही."

त्यांच्या एका हातात तीर्थाची पळी होती. दुसऱ्या हाताचा अंगठा पेरांवर पळत होता. तीर्थ समोरच्या गृहस्थांच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं तरी त्यांचं लक्ष नव्हतं. कॅसेट खट्‌ करून संपली तेव्हा ते म्हणाले, "सात, सात, सात, आणि चौथ्या वेळी नऊ. मुद्दाम. हा माणूस गात नाही केमिकल, हा स्वतःच्या गळ्याची झडती घेतोय."

रविवारी आम्ही दोघं उल्हासनगरला गेलो. कॅसेटवाले शेठ त्यांच्या दुकानाच्या मागच्या शेडमध्ये बसले होते. मास्तरांनी कॅसेट पुढे केली आणि आरतीनंतर काय लागतं ते तोंडाने करून दाखवलं. शेठ घाबरलेच. त्यांना वाटलं, देवाधर्माची तक्रार घेऊन आलेत.

"साईं, माफ करो, दूसरी ले जाओ," ते म्हणाले. "ये बाहर का भंगार माल है. वहाँ जो बिकता नहीं, वो बोरे भर-भर के इधर आता है. हम ऊपर अपना भरते हैं. आरती छोटी है, पट्टी लंबी है. पीछे पुराना रह गया होगा."

"आणखी आहे असं?"

शेठनी शेडच्या कोपऱ्याकडे हात केला. तिथे गोणी होत्या, छतापर्यंत. चार-पाच बाया जमिनीवर बसून थिनरच्या बोळ्याने कॅसेटवरची चित्रं आणि नावं पुसत होत्या. वास मला ओळखीचा होता, कंपनीत आम्ही त्यानेच नखं पुसायचो. पुसून कोऱ्या झालेल्या कॅसेटी पलीकडे यंत्रांवर जात आणि त्यांच्यावर भजनं, लावण्या, सिनेमाची गाणी चढत. कुठल्या देशातली, कोणाची, काही कळायला मार्ग नव्हता. मास्तर त्या गोणींकडे बराच वेळ बघत उभे राहिले. मग त्यांनी विचारलं, "या पुसायच्या आधी मी ऐकल्या तर चालेल का?"

"साईं," शेठ म्हणाले, "बीस साल के धंधे में आप पहले हो जो कोरी नहीं, भरी हुई माँग रहे हो. बैठो."

तेव्हापासून रविवारची सकाळ शेठच्या शेडमध्ये जाऊ लागली. शेठ आम्हाला चहा पाजत, एक जुना टू-इन-वन देत आणि स्वतः कानाला रुमाल बांधून हिशेबाला बसत. निम्म्याहून जास्त माल रडक्या प्रेमगीतांचा निघे. पण मधूनच काहीतरी हाती लागे. एकात टाइपरायटर तालात वाजत होता आणि त्याच्यावर चार व्हायोलिनं भांडत होती. एकात नुसतं पाणी ठिबकत होतं, ते ठिबकता ठिबकता ढोल झालं. एकात एक बाई अगदी झोपेतून उठून बोलल्यासारखी बोलत होती, आणि मागे कारखान्याच्या भोंग्यासारखा एक सूर हळूहळू वर सरकत होता. भाषा सगळ्यांची तीच वाटे. मी कुमार-लता ऐकणारा माणूस. सुरुवातीला माझं डोकं उठायचं. त्यातलं काही समजत होतं असं मी आजही म्हणणार नाही. पण एका रविवारी कंपनीत ओव्हरटाइम लागला आणि आज शेडमध्ये काय निघालं असेल या विचाराने दिवसभर कामात लक्ष लागेना, तेव्हा ओळखलं की मलाही लागण झाली.

पण सत्यनारायणाला सापडलेल्या तुकड्याची सर कशालाच नव्हती, आणि तो तुकडा अर्धा होता. त्याची सुरुवात आरतीखाली गेली होती. पुसलेली पट्टी, काही करून परत येणार नाही, हे मी मास्तरांना रसायनशास्त्राच्या भाषेत समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि त्या तुकड्याचं नाव ठेवलं, केतू. "राहू म्हणजे नुसतं डोकं, केतू म्हणजे बिनडोक्याचं धड. हे धड आहे. डोकं शोधायचंय."

केतू ऐकण्यात एक अडचण होती. कॅसेट काकूंची होती, आणि आरती बटण दाबून पुढे पळवायची नाही असा त्यांचा दंडक होता. देवाला कोणी घाईत उरकतं का? त्यामुळे केतू ऐकायचा तर आधी सगळ्या आरत्या ऐकाव्या लागत, आणि आरती लागली की बसून कसं चालेल? मी आणि मास्तर रोज संध्याकाळी टेपसमोर हात जोडून उभे राहायचो, टाळ्या वाजवायचो, घालीन लोटांगण म्हणत स्वतःभोवती फिरायचो, आणि फिरून खाली बसलो की केतू सुरू व्हायचा. माझ्या डोक्यात आजही ते संगीत कापराच्या वासाशिवाय वाजत नाही.

एका वर्षी आमच्या कंपनीत इटलीहून एक मशीन आलं आणि ते बसवायला तिकडचा एक इंजिनिअर. जेवणाच्या सुट्टीत तो मशीनवाल्याशी फोनवर भांडत होता, आणि ती भांडणाची भाषा ऐकून माझे कान उभे राहिले. ही तर शेडमधली भाषा. मी त्याला बदलापूरला घेऊन आलो. काकूंनी थालीपीठ दिलं. केतू ऐकवतो म्हटल्यावर तो उत्साहाने खुर्चीवर बसला, तर काकूंनी त्याला उठवून त्याच्या हातात घंटा दिली. बिचाऱ्याने सगळ्या आरत्यांना ती प्रामाणिकपणे वाजवली. केतू सुरू झाल्यावर मात्र तो हसायला लागला. त्याने मोडक्या इंग्रजीत सांगितलं आणि मी मराठीत केलं ते असं, की हे आमच्याकडचंच आहे. माझा थोरला भाऊ कॉलेजात असताना असलं ऐकायचा. तेव्हा तिकडे रोज संप, रोज मोर्चे, आणि पोरं असं काहीतरी वाजवायची. आमची आई भिंतीवर लाटणं आपटायची.

"शब्द काय आहेत, ते विचारा," मास्तर म्हणाले.

त्याने पुन्हा कान दिला. "शब्द नाहीतच. तोंडातून काय काय निघू शकतं ते बघतोय तो."

"तराणा," मास्तर मला म्हणाले. "मी सांगत नव्हतो?"

जाताना त्याने शेठकडून केतूची एक नक्कल करून घेतली. भावाला ऐकवतो, त्याला ओळखता आलं तर पूर्ण कॅसेट पाठवतो, म्हणाला. महिने गेले, वर्ष गेलं, काही आलं नाही. मास्तरांनी वाट बघणं सोडून दिलं आणि ते डोकं स्वतः शोधायला बसले.

हे शोधणं कसं? तर ते म्हणत, "जो जिन्याने खाली उतरतोय तो आधी चढलेला असणार. उतरताना कुठे थांबला, कुठे दमला, ते ऐकायचं आणि मागे मागे जायचं." केतूत बासरी एका ठिकाणी कचरते, म्हणजे त्याआधी तिथे काहीतरी झालं असणार. ढोल सात वाजवतात पण सातात आल्याचा त्यांना आनंद झालेला आहे, म्हणजे आधी दुसरं काहीतरी होतं. असं करत करत ते पेटीवर एक एक जागा बसवू लागले. दोन-तीन वर्षं हे चाललं. वर्गातल्या मुलींना त्यांनी कामाला लावलं, सगळ्या पेट्या एकदम पण वेगवेगळ्या लयीत. एका मुलीचे वडील ओटीवर आले आणि म्हणाले, "मास्तर, हिला यंदा परीक्षा आहे. यमन राहिलाय आणि ही घरी काय वाजवते ते आम्हालाही कळत नाही, हिलाही नाही."

"मोजलंत का?" मास्तरांनी विचारलं.

गृहस्थ मुलीला घेऊन गेले. मग आणखी चार-पाच गेल्या. काकू एकदा माझ्या खोलीच्या दारात आल्या आणि हळूच म्हणाल्या, "तुम्ही केमिकलवाले ना? कॅसेट नुसती विरघळेल, वास-बिस येणार नाही, असं काही असतं का हो तुमच्याकडे?" त्या चेष्टा करत नव्हत्या.

मास्तरांना विजेवरचं वाद्य हवं होतं. ते आम्हाला बारवीच्या रस्त्यावरच्या एका गावात मिळालं. तिथली हळदीला वाजवणारी बँजो पार्टी, काळूराम तिचा पुढारी. त्याचा बँजो म्हणजे कळा दाबून तारा छेडायचं वाद्य, भोंग्याला जोडलेलं, असं की दोन गावं पलीकडच्या नवरीला घाम फुटावा. मास्तरांनी पेटीवर वाजवून दाखवलं. काळूरामने डोकं खाजवत ऐकलं.

"मास्तर, यो गाना नाचायचा हाय का बसून आयकायचा?"

"बसून."

"मंग आमाला कशाला बोलवता? आमच्या बँजोवर बसला त्यो मानूस आजारी असतो."

पण तो आला. रविवारी सायकलवर बँजो बांधून यायचा, आणि सातानंतर नऊ येतात तिथे दर वेळी मान उडवून हसायचा.

गुरुपौर्णिमेला शाळेच्या हॉलमध्ये ते सगळं वाजलं. कार्यक्रमाची सुरुवात आरतीने, ती कॅसेटवरच, म्हणजे काकूंचा दंडकही पाळला गेला. आरती आणि तिच्यामागची खरखर संपली त्या जागी मी टेप थांबवला आणि कोणी हात लावू नये म्हणून त्यावर रुमाल टाकून बसलो. मुलींची गाणी झाली. शेवटी मास्तरांनी खूण केली. आधी नुसत्या टाळ्या आणि झांजा, आरतीला वाजवतो तशाच. मग त्यातली एक झांज मागे पडू लागली, मग दुसरी. पेट्या शिरल्या. ते सगळं कलंडत, सावरत वर चढत गेलं, बँजो भोंग्यातून किंचाळला, आणि मास्तरांचा हात खाली आला. मी बटण दाबलं. ऑर्गन सुरू झाला. सांधा इतका बेमालूम बसला की पुढच्या रांगेतल्या बाई ऑर्गन कोण वाजवतंय ते बघायला वाकल्या. इतकी वर्षं आरतीनंतर ते ऐकलं होतं, पण ते आरतीतूनच उगवू शकतं हे मला कधी सुचलं नव्हतं.

टाळ्या तुरळकच पडल्या. निम्मे लोक चपला शोधत होते. एक निवृत्त हेडमास्तर मात्र पुढे आले आणि म्हणाले, "वा, काय रचलंत मास्तर!"

मास्तर जवळजवळ चिडले. "मी काही रचलेलं नाही. होतं तेच शोधलं."

हे ते सगळ्यांना सांगत. मलाही. मी कौतुक करायला गेलो की तेच उत्तर. रचायच्या भानगडीत आपण पडलेलोच नाही, असं ते त्या पान लावणाऱ्या गुरुजींना अजून सांगत होते, आणि गुरुजींना जाऊन तर जमाना झाला होता.

त्यानंतर वर्ष-दीड वर्षाने मशीनच्या सर्व्हिसिंगला इटलीहून दुसरा इंजिनिअर आला, आठवड्यापुरता. त्याने पहिल्या दिवशीच माझ्या हातात एक पुडकं दिलं. पहिल्याच्या भावाने अखेर ओळखलं होतं. मूळ कॅसेट, वरचं चित्र शाबूत, नाव छापलेलं. मी हाफ डे टाकून बदलापूर गाठलं. मास्तरांनी नाव वाचलंसुद्धा नाही. त्यांनी हात पुसले, कॅसेट घातली आणि पाटावर बसले. काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या. आरती नसल्यामुळे आम्हा तिघांनाही हातांचं काय करायचं ते समजेना.

सुरू झालं. पोरांचा दंगा, कुठल्या तरी अंगणातला. मग एकाने अकॉर्डियन वाजवायला घेतला. साधी, गोड, गावातली वाटावी अशी चाल. तीच पुन्हा, पुन्हा तीच. मास्तरांचा अंगठा पेरांवर फिरला आणि थांबला. मोजायला काही नव्हतंच. अकॉर्डियन संपला, मध्ये शांतता, आणि केतू सुरू झाला, आमचा तोच केतू, फक्त स्वच्छ. मास्तरांनी तो पूर्ण ऐकला नाही. टेप बंद केला.

"केरवा," ते म्हणाले. "सरळ आठ मात्रांचा केरवा. आणि मी काय काय शोधत बसलो. एक जागा बरोबर आली नाही केमिकल, एकसुद्धा."

मी काहीतरी समजुतीचं बोललो. ते उठून ओटीवर गेले.

पुढचे तीन-चार दिवस ते घर मला ओळखू येईना. वर्ग चालू होता. मुली यमन घोटत होत्या आणि मास्तर ठेका चुकला तरी काही बोलत नव्हते. बुधवारी मी मुद्दाम वर्गाच्या वेळी कुकर लावला. चार शिट्ट्या झाल्या. कोणी ओरडलं नाही. ते अंगठा तळहातात मुडपून बसले होते, आणि ते बघून मला पहिल्यांदा या माणसाची भीती वाटली, म्हणजे त्यांच्यासाठी भीती वाटली. रचलं नाही, शोधलं, एवढ्या एकाच गोष्टीवर ते इतकी वर्षं उभे होते, आणि शोधलेलं तर खोटं निघालं होतं.

शुक्रवारी संध्याकाळी काकू ओटीवर मेथी निवडत होत्या. मी नुकताच कंपनीतून आलो होतो. मास्तरांनी माझ्या नखांकडे बघितलंही नाही. काकू मान वर न करता म्हणाल्या, "मला एक सांगा. त्या कॅसेटीत तुमच्यातलं काहीच नाही?"

"सांगितलं ना, काही नाही."

"नक्की?"

"अगं, एक जागा नाही."

"मग हॉलमध्ये वाजलं ते कोणाचं होतं?" काकूंनी एक जुडी सोडली. "इटलीवाल्यांचं नाही म्हणता. तुमच्या गुरुजींचं तर नाहीच. काळूरामचं म्हणावं तर तो अजून मला विचारतो, काकी, ते नक्की काय होतं. मग उरलं कोण?"

काकू मेथी घेऊन आत गेल्या. मी चपला काढत तिथेच घुटमळलो. बऱ्याच वेळाने मास्तरांचा अंगठा तर्जनीच्या खालच्या पेरावर आला, तिथून वर सरकला, आणि मग नेहमीसारखा चालायला लागला. ते कशाच्या मात्रा मोजत होते कोण जाणे. बाहेर तर काहीच वाजत नव्हतं.

"तुमचा तो इटलीचा साहेब परत कधी जाणार?" त्यांनी विचारलं.

"सोमवारी."

"काळूरामला निरोप द्या. आणि शेठकडून एक कॅसेट आणा. कोरी आणा, अगदी कोरी. मागे काही राहिलेलं नको."

रविवारी सगळे ओटीवर जमले. ज्या मुली उरल्या होत्या त्या, काळूराम आणि त्याचे दोघे, शेठसुद्धा आले, कानाला रुमाल न बांधता. मी रेकॉर्डिंगचं बटण दाबलं. टाळ्या, झांजा, मागे पडणारी झांज, पेट्या. या वेळी मास्तर वाजवत नव्हते, उभे राहून नुसते ऐकत होते, आणि मी त्यांना इतकं खूश कधी बघितलं नव्हतं. चढत चढत सगळं माथ्यावर आलं, बँजो किंचाळला, आणि मास्तरांचा हात खाली आला. सवयीने मी दुसऱ्या टेपकडे, केतूकडे वळलो. त्यांनी माझं मनगट धरलं. सगळे थांबले. कॅसेट फिरत राहिली, तिच्यात नुसती आमची शांतता भरत होती.

"झालं?" काकूंनी दारातून विचारलं. "असं मध्येच?"

मास्तरांनी स्वतः बटण बंद केलं, कॅसेट काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "द्या त्यांना नेऊन. पुढचं त्यांच्याकडे आहे."